सांगणं कुणाच्या वाट्याला?

वकीलबाई : 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा समलिंगी संबंध कलम 377 मधून बाहेर काढला. एका न्यायमूर्तींनी तर लिहिलं, की या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इतकी वर्षं जे सोसलं त्याबद्दल इतिहासानं त्यांची माफी मागायला हवी. 2024 च्या जुलैपासून दंडसंहिताच नवी आली आणि तिच्यात ते कलम औषधालाही उरलं नाही. तरी माझ्याकडे सल्ल्याला येणारे पुरुष आधी दार लावून घेतात आणि मग खुर्चीत बसतात. पोलिसांची भीती गेली म्हणता, मग ही कसली उरली?

गृहस्थ : पोलिसांची भीती होती, नाही कशाला म्हणू? स्टेशनात, बागेत अडवून पाकीट रिकामं करून घेणारे हवालदार आमच्या पिढीनं पाहिलेत. आता तेच काम ॲपवर गोड बोलून घरी येणारी टोळकी करतात. पण धमकी ऐका. तुरुंगात टाकू, असं तेव्हाही शेवटी म्हणायचे. 'घरी फोन लावू का?' एवढंच पुरायचं, आजही पुरतं. कलम गेलं, घरचा नंबर तोच आहे. शिवाय कायद्यावर भार टाकायचा तरी किती? 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयानं असाच निकाल दिला तेव्हा कितीतरी मुलं चेहरा न झाकता टीव्हीवर नाचली. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल फिरवला. तोपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते चेहरे पाहून ठेवले होते. कोर्टाला निकाल फिरवता येतो, पोरांना चेहरा कसा परत घेता येणार?

आणि घराचं म्हणाल, तर आमच्याकडे घराबाहेर फारसं कुणी काढत नाही. राजपीपळ्याच्या राजपुत्रानं 2006 मध्ये आपण समलिंगी आहोत हे जाहीर केलं, तेव्हा घराण्यानं वर्तमानपत्रात नोटीस देऊन संबंध तोडले. क्रूर होतं, पण सरळ होतं. मध्यमवर्गीय मराठी घर नोटीस देत नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जेवून घे." त्याला वाटलं, सुटलो. त्यानंतर त्या घरात तो विषय निघालेला नाही. फोन रोज होतो. गुडघे कसे आहेत, सिलिंडर आला का, यंदा हापूस परवडत नाही. सुट्टीत कुठे गेला होतास विचारतात, कुणाबरोबर एवढं गाळून. ताट वाढलेलं असतं, अंथरूण घातलेलं असतं, पण ज्यानं ते सांगितलं तो मुलगा त्या घरात आलेलाच नाही असं सगळे मिळून ठरवतात. त्यापेक्षा न सांगता जेवलेलं काय वाईट?

वकीलबाई : त्याला स्वतःला कधी कळलं?

गृहस्थ : कळलं चौदाव्या-पंधराव्या वर्षी असेल. मान्य करायला तिशी उजाडली.

वकीलबाई : म्हणजे स्वतःच्या मनाला त्यानं पंधरा वर्षं दिली आणि आईला एक जेवण. 'बरं, जेवून घे' हा नकार आहे असं तुम्ही ठरवून टाकलंत. मला त्यात एक बाई दिसते, जिच्या हातात त्या क्षणी दुसरं वाक्यच नव्हतं. तिला हे शब्द कुणी शिकवले? तिच्या आईनं? भिशीनं? मालिकांनी? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, आणि पुढे 'मनाचिये गुंती' या नावानं आईवडील-भावंडांची मनोगतं मराठीत आणली. त्या घरांना नुसत्या दुःखापेक्षा कितीतरी जास्त काही सोसावं लागतं. माझ्या वाढवण्यात काय कमी पडलं, होस्टेलला ठेवायला नको होतं का, नवऱ्याचा धाक कमी पडला का, असे प्रश्न बाई मनातल्या मनात वर्षानुवर्षं घोळवते. तिला दुसरी अशीच आई भेटली तरच ते थांबतात. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. 2023 मध्ये समलिंगी विवाहाची सुनावणी चालू असताना त्या गटातल्या चारशेवर पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, की आमच्या मुलांची लग्नं आम्हाला डोळ्यांनी पाहायची आहेत. ही माणसं आकाशातून पडली नाहीत. यांनीही कधीतरी 'बरं, जेवून घे' म्हटलं असेल. त्यांच्या मुलांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तुमच्या मित्रानं एकदाच सांगून वही मिटली.

गृहस्थ : दुसऱ्यांदा सांगायची चैन कुणाला परवडते ते बघा. तुमचे ते पालक मला मनापासून आवडतात. त्यांच्यातली एखादी आई वर्तमानपत्रात 'मुलासाठी वर पाहिजे' अशी जाहिरात देईल, तेही मला कळतं. 2015 मध्ये मुंबईत एका आईनं दिलीच होती. जातीची अट नाही म्हणता म्हणता अमुक पोटजात असेल तर बरं, हेही तिनं त्यात घातलं होतं. नंतर तिनं ते गमतीनं लिहिल्याचं सांगितलं, पण मला ती गंमत फार खरी वाटली. घर मुलाचं प्रेम स्वीकारतं ते आपल्या सगळ्या सवयींसकट.

पण सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा घ्या. बीडकडचा, जालन्याकडचा. पुण्याची ती कॉट हीच त्याची मोकळीक. बापानं जमीन गहाण टाकून खर्च भागवलेला, धाकटी बहीण लग्नाची, भावकीशी बांधावरून वाद. यानं गावी सांगितलं तर पहिला फटका बहिणीच्या सोयरिकीला. दुसरा, महिन्याचे पैसे थांबतात. तिसरा, इलाज सुरू होतो. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं 2018 मध्ये सांगितलं, की हा आजार नाही. 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं असल्या 'बदलून देण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. छान. पण गावचा देवऋषी काही त्या कमिशनच्या नोंदवहीत नाही, आणि तालुक्याच्या गावी शॉक देतो म्हणणारा माणूस पावती देत नाही. माझं त्या मुलाला एकच सांगणं असतं, आधी पगार, मग खरं. तुम्हाला ते भित्रेपणाचं वाटेल.

वकीलबाई : नाही वाटत. पहिल्या पगारापर्यंत गप्प बसणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण पगारानंतर सुरू होतं. कारण पगाराबरोबर कांदेपोहे येतात. परीक्षा निघाली, तलाठी झाला, की दुसऱ्या आठवड्यात बायोडाटा फिरायला लागतो. आणि तुमच्या त्या इलाजांतला शेवटचा इलाज कुठला असतो, ठाऊक आहे ना? 'लग्न केलं की ठीक होईल.' हे औषध चोवीस वर्षांचं असतं, बीएड झालेलं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

या बायका माझ्यासमोर येऊन बसतात. लगेच येत नाहीत. पहिली दोन वर्षं त्यांना वाटतं, खोट आपल्यातच आहे. जाड झाले का, सावळी आहे म्हणून का, गाऊन घालते म्हणून का. मग मूल होत नाही म्हणून सासू स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेते आणि हिच्या नळ्या तपासतात. नवरा वाईट नसतो हो, हीच तर अडचण आहे. मारत नाही, दारू पीत नाही, पगार हातात देतो, आजारपणात डोकं दाबतो. फक्त रात्री पाठ करून झोपतो. ती माहेरी सांगायला जाते तर तिची आईच म्हणते, अगं एवढा सज्जन नवरा, तुला आणखी काय हवंय? मग कधीतरी मोबाइलवर काहीतरी दिसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली तिला फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. आणि कळल्यावरही त्याच्याबरोबर नांदत राहिली तर तोही हक्क जातो. ते वर्ष तिचं रडण्यात, उपासतापासात आणि 'कुणाला सांगू नको, माझी नोकरी जाईल' या त्याच्या विनवण्या ऐकण्यात जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ तुमची असते, पण आत बोटं तिची चेंगरलेली असतात.

गृहस्थ : यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधणारही नाही. आईवडिलांना सांगणं हे देणं आहे की नाही यावर मी रात्रभर वाद घालीन. पण ज्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र घालायचं तिला आधी सांगणं हे देणंच आहे. ते फेडायचं नसेल तर बोहल्यावर चढू नये. तुम्ही 'सांगा' म्हणता त्यावर माझा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो या बायकांच्याच बाजूचा आहे. तुमच्याकडे आलेल्या प्रकरणांमध्ये मुलाच्या आईबापांना आधीपासून माहीत होतं, अशी किती?

वकीलबाई : बरीच. मोजलेली नाहीत.

गृहस्थ : मग पाहा. त्यानं सांगितलं होतं. घरात रडारड झाली, देवाला नवस झाला, आणि सांगितलं म्हणूनच लग्न घाईनं उरकलं. सांगितलं नसतं तर आणखी चार वर्षं 'आधी घराचं लोन फेडू दे' करत काढली असती. म्हणजे खरं बोलल्यानं ती मुलगी वाचली नाही, उलट लवकर सापडली. मुलगी वाचते ती मुलानं लग्नाला नाही म्हटल्यानं. 'मी असा आहे' हे एक वाक्य आणि 'मी लग्न करणार नाही' हे दुसरं. पहिलं बोलून दुसरं न बोलणारे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्यावर टाळ्या पडलेल्याही पाहिल्या. पहिलं न बोलता दुसरं निभावणारेही पाहिले. त्यांना कुणी शूर म्हणत नाही.

वकीलबाई : कारण न देता नाही म्हणायला आपल्याकडे मोकळीक कुठे आहे?

गृहस्थ : आहे थोडी. आपल्या समाजात बिनलग्नाच्या माणसाला दोन-तीन जागा अजून राखीव आहेत. समाजकार्याला वाहून घेतलेला, गाण्याला वाहून घेतलेला, किंवा भावांच्या संसारासाठी राबलेला काका. या जागांवर बसलेल्यांतले कितीजण आमच्यातले होते हे कुणी शोधत बसू नये. बसणाऱ्यांनी ते कधी सांगितलं नाही, एवढं खरं. पण त्यांनी कुणा मुलीच्या नळ्या तपासायला लावल्या नाहीत.

वकीलबाई : आणि प्रेमाचं काय? राबलेल्या काकाला प्रेम नव्हतं का? तुम्ही त्याच्या त्यागाची तसबीर भिंतीवर लावता आहात. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' कादंबरीत घरातल्या भाऊ-बहिणीचं एकाच भाडेकरू मुलावर प्रेम बसतं. मुलगी पळून जाते, परत येते, सगळं घर तिच्या दुःखाभोवती हलतं. भावाचं तेच दुःख त्याच घरात फिरत असतं, आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. झाकण्याची ही किंमत तुम्ही हिशोबात धरत नाही. प्रेम लपवलं की विरह आपोआप लपवावा लागतो. ऑफिसातल्या मुलाचं लग्न मोडलं तर लोक त्याला चहाला नेतात. तुमच्यातल्या कुणाचा सात वर्षांचा सोबती परदेशात निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी तो जीएसटीचं रिटर्न भरत बसतो.

गृहस्थ : बसतो. मी बसलोय.

वकीलबाई : बरं, ज्याला दोन्ही चालतं त्याचं काय? माझ्याकडे असेही येतात. बायकोवर खरंच प्रेम आहे, खोटं काही नाही, पण कॉलेजात एका मुलावरही तितकंच होतं. तिला सांगू का, विचारतात.

गृहस्थ : त्यांची अवस्था आमच्याहून बिकट असते. घरी कळलं तर आई म्हणते, बाई चालते ना, मग झालं तर, दुसरं सोडून दे. आणि आमच्या कट्ट्यावर गेला तर लोक म्हणतात, हा लग्नाची वाट मोकळी ठेवून आलेला. मीही तसंच म्हणत असे, आणि ते म्हणताना मला माझ्या आईचाच आवाज येत असे. दोन्हीकडून त्याला अर्धा कापूनच आत घेतात. त्यानं बायकोला काय सांगावं? एखाद्यानं कॉलेजातल्या मैत्रिणीबद्दल बायकोला सांगितलं नाही तर तुम्ही त्याला फसवणूक म्हणाल का?

वकीलबाई : नाही म्हणणार. माझ्या लेखी प्रश्न आज तो कुणाशी बांधलेला आहे, हा आहे. मन कुठे कुठे जाऊ शकतं याची यादी कोण कुणाला देतं? पण ती यादी बायकोला दुसऱ्याकडून मिळाली, तर तिला दोनदा मार बसतो. म्हणून मी त्यांना सांगा म्हणते आणि त्यातले काही सांगितल्याचा पस्तावा करत परत येतात. एकीनं तर नवऱ्याचे सगळे मित्रच तोडून टाकले, कुणावर विश्वास ठेवावा तेच तिला कळेना. इथे माझं पक्कं मत नाही.

(या वादात एक माणूस हजर नाही, आणि दोघंही त्याच्याच वतीनं बोलत आहेत. ती म्हणजे आई. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये ती एकटीच रंगमंचावर असते. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि मग जे काही होतं ते तिच्याच तोंडून आपण ऐकतो. मराठी घरातल्या या गोष्टीची नायिका आई आहे, हे दातारांना कळलं होतं. मुलगा सांगतो किंवा सांगत नाही, पण त्यानंतर गुपित सांभाळायचं काम बहुतेक वेळा तिच्याकडे येतं. नवऱ्यापासून, जावेपासून, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपासून. ते काम तिला दिलंय हे मुलाच्या लक्षातही येत नाही.)

गृहस्थ : उघडं होणं म्हणजे मुक्ती, असं तुम्ही धरून चालता म्हणून अलिगढची गोष्ट सांगतो. श्रीनिवास रामचंद्र सिरस. आपला मराठी माणूस, कवी, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. निवृत्ती तोंडावर आलेली. 2010 च्या फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन लोक त्यांच्या घरात घुसले आणि एका रिक्षावाल्याबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं. विद्यापीठानं गैरवर्तनाच्या नावाखाली निलंबित कुणाला केलं? सिरसांना. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, 1 एप्रिलला न्यायालय त्यांच्या बाजूनं उभं राहिलं, आणि 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृत सापडले. त्यांनी स्वतःविषयी फलक लावला नव्हता आणि खोटंही सांगत फिरले नव्हते. ते आपल्या घरात आपल्यापुरतं जगत होते. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, तो सिरसांना सात वर्षं उशिरा मिळाला. माझं म्हणणं एवढंच, की मला माझ्या घराचं दार लावायचा हक्क आहे. दार लावलंय म्हणजे आत पाप चाललंय, असं तुम्हीही धरू नका.

वकीलबाई : सिरसांचं नाव घेतलंत म्हणून विचारते. त्या सात दिवसांत, निकाल हातात असताना, त्यांच्याबरोबर कोण होतं? मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल. पण भाड्याच्या घरात एकट्यानं संपणं, हे चित्र तुम्ही खासगीपणाच्या बाजूनं मांडलंत आणि मला ते उलट दिसतं. कॅमेरेवाले गुन्हेगारच. पण माणसाच्या बाजूनं हाक मारणारं घरचं कुणी उभं राहण्यासाठी घरच्यांना आधी काहीतरी माहीत असावं लागतं. दार लावायचा हक्क मला मान्य आहे. तुमचं दार कुणाला आतून लावलेलं आहे आणि कुणाला बाहेरून, ते सांगा. तुमच्या सोबत्याला तुमच्या घरचे काय म्हणून ओळखतात?

गृहस्थ : मित्र. आधी रूम पार्टनर म्हणायचे, पन्नाशीनंतर रूम पार्टनर शोभत नाही म्हणून मित्र.

वकीलबाई : किती वर्षं?

गृहस्थ : पुष्कळ. आई दर दिवाळीला गावाहून फराळाचा डबा पाठवते. दोघांपुरता असतो. त्याला बेसनाचे लाडू आवडतात, मला नाही, आणि डब्यात बेसनाचेच जास्त असतात. आता तुम्ही सांगा, तिला माहीत नाही? मी उद्या तोंड उघडून 'आई, हा माझा' असं म्हटलं, तर तिला काहीतरी बोलावं लागेल. वडिलांच्या आठवणीनं, देवाच्या धाकानं, धाकट्या सुनेच्या तोंडासाठी तिला नाही म्हणावं लागेल. न बोलल्यानं तिला हो म्हणायची सोय आहे. मी ती का मोडू?

वकीलबाई : असेल तसं. किंवा असंही असेल, की ती ते लाडू वळताना एकटी असते आणि बहिणीलासुद्धा सांगू शकत नाही की हे कुणासाठी. तुम्ही तिला सोय दिलीत की पहारा दिलात, हे तुम्हाला डब्यावरून कळणार नाही. पण तेही सोडा. मी तुम्हाला कायद्याचं सांगते. उद्या तुम्ही गेलात, मृत्युपत्र न करता, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तुमचं सगळं आईकडे जाईल, पहिल्या वर्गाच्या वारसांत ती आहे. आई नसली तर भावंडांकडे. 'मित्रा'ला त्यात रकाना नाही. सोसायटीत त्याचं नामनिर्देशन केलं असलंत तरी वारस उभे राहिले की त्याच्याकडे फक्त सांभाळण्याचं काम राहतं. भविष्यनिर्वाह निधीत, आई तुमच्यावर अवलंबून असेल तर ती तुमचं कुटुंब धरली जाते, आणि कुटुंब असताना बाहेरच्याचं नाव लागत नाही.

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं तुमचं लग्न मान्य करायला नकार दिला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं, आणि लग्नाऐवजी दुसरं काही कायदेशीर नातं द्यावं का यावर तीन विरुद्ध दोन. फेरविचाराची याचिका 2025 च्या जानेवारीत निकालात निघाली. 2024 मध्ये केंद्रानं काही परिपत्रकं काढली: बँकेत संयुक्त खातं काढता येईल, शिधापत्रिकेवर एका घरचे धरले जाल. आणि रक्ताचं जवळचं कुणी नसेल तर सोबत्याला मृतदेह ताब्यात घेता यावा. नसेल तर! तुम्हाला तर दोन भाऊ आहेत.

गृहस्थ : म्हणजे तो शेजाऱ्यांत उभा राहणार. वडील गेले तेव्हा उभा होता तसाच.

वकीलबाई : मानसिक आरोग्य कायद्यात तेवढी सोय आहे. 2017 च्या त्या कायद्यानं तुम्ही कुणाही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. म्हणजे मनाचा आजार झाला तर कायदा त्याला ओळखेल आणि हृदयविकाराचा झटका आला तर आयसीयूच्या दारात 'आपण पेशंटचे कोण?' असं विचारतील. हे मी विनोदानं सांगत नाहीये. यावर माझ्यासारखीकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे कागद. मृत्युपत्र करा, घर त्याच्या नावावर लिहा, जमेल तिथे नामनिर्देशन करा. पण प्रत्येक कागदावर त्याचं नाव येणार. तुम्ही जिवंत आहात तोवर मृत्युपत्र कपाटात गप्प राहील, आणि तुम्ही गेल्यावर ते तुमच्या भावांसमोर मोठ्यानं वाचलं जाईल. म्हणजे शेवटी सांगितलं जाणारच आहे. फक्त ते तुम्ही सांगणार नाही. तेराव्यानंतर, दोन भाऊ आणि त्यांच्या बायका समोर बसलेल्या असताना, तो सांगणार. त्यानं काय फसवून लिहून घेतलं, काय पाजलं, कोण लागतो हा, हे सगळे प्रश्न त्याला विचारले जातील, आणि त्या वेळी तुम्ही त्याच्या बाजूला नसाल. तुमची चुप्पी तुम्ही फेडत नाही आहात. ती त्याच्या नावावर चढते आहे.

गृहस्थ : हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पण घाई करू नका, मला पूर्ण पटलेलं नाही. आई ऐंशीच्या पुढे आहे. तिची राहिलेली वर्षं आणि त्याची माझ्यानंतरची वर्षं, यांत मी कुणाचं आधी पाहायचं? तुम्ही म्हणाल, त्याचं, कारण तो तुमचा माणूस. पण तोच मला म्हणतो, आईला आता काही सांगू नकोस. त्याच्या घरीही हेच आहे. त्याच्या बहिणीच्या मुलांना मी 'काका' आहे, आणि कुठला काका हे कुणी विचारत नाही. आम्ही दोघांनी मिळून हे ठरवलंय, मी त्याच्यावर लादलेलं नाही.

वकीलबाई : ठरवताना तुम्ही दोघंही जिवंत होता. ते जेव्हा लागू होईल तेव्हा एकच असेल.

गृहस्थ : मृत्युपत्रात नातं काय लिहितात?

वकीलबाई : काहीही. 'माझे मित्र' लिहू शकता. पण भाऊ कोर्टात गेले तर त्यांचा वकील पहिलं हेच विचारेल, मित्राला राहतं घर कोण देतं? 'अनेक वर्षं माझ्यासोबत राहून ज्यांनी माझी देखभाल केली' असंही लिहितात. किंवा नातं न लिहिता नुसतं नाव-पत्ता. चालतं. मजकुरापेक्षा साक्षीदार महत्त्वाचे. दोन लागतात.

गृहस्थ : त्यांना आत काय लिहिलंय ते कळावं लागतं?

वकीलबाई : नाही. त्यांनी तुमची सही पाहिली पाहिजे आणि तुमच्यासमोर स्वतःची केली पाहिजे, बस. पण उद्या वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागेल, म्हणून म्हातारी माणसं नकोत आणि दबणारीही नकोत.

गृहस्थ : धाकट्या भावाला केलं तर?

वकीलबाई : त्याला केलंत तर चांगलंच. नंतर तोच उलटणार नाही. मात्र मग मजकूर त्याला वाचायला द्यावा, असं मी म्हणेन.

गृहस्थ : कायद्यानं?

वकीलबाई : कायद्यानं नाही.

गृहस्थ : मसुदा करून ठेवा. साक्षीदारांची नावं कोरी सोडा. आणि लाडूंचं जे म्हणालात, ते तुम्ही नुसतं वाद घालण्यासाठी म्हणालात की तुम्हाला खरंच तसं वाटतं?

वकीलबाई : मला मुलगा आहे. मला माहीत नाही.